ऑइल वाढलं कसं?

गेल्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, गाडीचं ऑइल वाढलंय." मला आधी वाटलं, भाव वाढल्याचं सांगतोय. तसं नव्हतं. त्याने बॉनेट उघडून डिपस्टिक काढली होती आणि ऑइलची रेघ वरच्या खुणेच्याही नखभर वर गेली होती. आठ महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं तेव्हा ती खुणेच्या किंचित खाली होती, याचा फोटो त्याच्याकडे होता. (हल्लीची मुलं सगळ्याचेच फोटो काढून ठेवतात, एकदा ते उपयोगी पडलं.) मधल्या काळात कोणी थेंबभरही ऑइल घातलं नव्हतं.

गाडी साधी नाही. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती, शून्यावरून शंभरचा वेग नऊ सेकंदांच्या आत. पहिल्या पगारापासून साठवलेल्या पैशांत आणि सात वर्षांच्या कर्जात घेतलेली. दाजींना ती तेव्हाही पसंत नव्हती. फोनवर मागून त्यांचा आवाज येत होता : "गाडी चार हजार शंभर किलोमीटर चालली आहे. कंपनी पंधरा हजार म्हणते. इतक्यात ऑइल बदलणं म्हणजे पैसे पाण्यात."

मी त्याला डिपस्टिकचा वास घ्यायला सांगितलं. दोन क्षण शांतता. मग म्हणाला, "पेट्रोल."

वेगवान गाडीचं ऑइल किती दिवसांनी बदलायचं, या प्रश्नाचं उत्तर या वासात बरंचसं दडलेलं आहे. ते समजून घ्यायचं तर ऑइल इंजिनात नेमकं करतं काय, इथून सुरुवात करावी लागेल.

'ऑइल लोखंडाला बुळबुळीत करतं' अशी आपली समजूत असते. ते अर्धंच खरं आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशांप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून ऑइल उलट वर येऊ लागलं. त्याने बूच लावलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही वर सरकली. शेवटी त्याने तिथे दाब मोजायचं घड्याळ बसवलं. बेअरिंगवरचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड होता आणि घड्याळाचा काटा २०० ही त्याची कमाल मर्यादा ओलांडून गेला. फिरणारा आस ऑइलला बेअरिंगखाली ओढत होता आणि त्या ऑइलने अख्खं बेअरिंग उचलून धरलं होतं. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. आजची बेअरिंगं त्याच गणितावर बनतात.

म्हणजे इंजिन नीट चालू असतं तेव्हा क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना शिवतही नाहीत. मधे ऑइलचा पापुद्रा असतो. जिथे भार सर्वांत जास्त, तिथे तो एक-दोन मायक्रॉनचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हा पापुद्रा टिकतो तो ऑइलच्या दाटपणावर. ऑइल पातळ झालं की पापुद्रा पातळ होतो, आणि तो फाटला की धातूला धातू लागतो. तिथे शेवटचा पहारा म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घातलेलं असतं. ते धातूवर स्वतःचा बळी देणारा थर चढवतं. हा पहारेकरीही हळूहळू संपत जातो.

आता वेगवान गाडीकडे येऊ. जुन्या मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनातून सुमारे ३७ अश्वशक्ती निघायची. म्हणजे लिटरला पन्नासही नाही. भाच्याच्या गाडीत लिटरला शंभर. तेवढ्याच जागेत दुप्पट जाळ, दुप्पट उष्णता. शिवाय टर्बो. पेट्रोल इंजिनाच्या नऊशे अंशांवर तापलेल्या धुराने त्याचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं आणि त्याच्या दांड्याला सांभाळायला असतं तेच ऑइल. ऑक्सिडीकरणाबाबत रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग दुप्पट. ११० अंशांवर चालणारं ऑइल १४० वर गेलं, तर ते आठपट वेगाने म्हातारं होतं. त्यात आम्लं तयार होतात, चिकटा धरतो. ऑइलला गरम झाल्यावरही दाट ठेवणारे लांबलचक रेणू असतात. गिअर, साखळी आणि बेअरिंगच्या चिमटीत सापडून ते शेवयांसारखे तुटत जातात.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग जोरात पळवणाऱ्यांनीच काळजी करावी. पण भाचा गाडी जोरात पळवतच नाही. त्याला तशी संधीच मिळत नाही. पुण्यात त्याचं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे. सकाळी जातो, दुपारी जेवायला घरी येतो, पुन्हा जातो, संध्याकाळी परततो. चार फेऱ्या, प्रत्येक सतरा-अठरा मिनिटांची, त्यातला निम्मा वेळ सिग्नलला. त्याच्या ऑइलचा घात इथे झाला.

थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं. आजच्या बहुतेक टर्बो इंजिनांत पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये मारला जातो. सिलिंडरची भिंत थंड असली की त्यातला काही भाग जळत नाही; भिंतीवर ओल धरतो, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली झिरपतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पुरेसं तापलं तर तो पुन्हा वाफ होऊन निघून जातो. पण काट्यावर दिसतं ते कूलंटचं तापमान. ऑइल त्याच्या मागून, सावकाश तापतं. चार किलोमीटरच्या फेरीत ते धड तापायच्या आत गाडी पार्किंगला लागते. आणि पेट्रोल म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. त्यातले हलके घटक पटकन उडतात, जड घटकांना दीडशे-दोनशे अंश लागतात. तेवढं ऑइल शहरात कधीच तापत नाही, म्हणून जड घटक आतच मुक्काम ठोकतात. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते तापलेल्या ऑइलमधून लवकर उडतं, न तापलेल्यात मात्र तेही राहतं.

पाण्याचं वेगळंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थंड इंजिनात थोडं खाली उतरतं आणि ऑइलमधल्या आम्लांना साथ देतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पावसाळ्यात पिवळसर लोण्यासारखा थर दिसतो ना, तो हाच.

म्हणून ऑइल 'वाढतं'. पाच लिटरमध्ये पाव लिटर पेट्रोल म्हणजे पाच टक्के. एवढ्यात ५डब्ल्यू-३०चं ऑइल जवळपास २०च्या दाटपणावर येऊ शकतं. (यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा, पहिला आकडा थंडीतली वाहण्याची क्षमता सांगतो, दुसरा १०० अंशांवरचा दाटपणा.) पापुद्रा एक-दोन मायक्रॉनचा असताना ही घसरण लहान नाही. मग एखाद्या शनिवारी हीच गाडी एक्स्प्रेस वेवर निघते, खंडाळ्याच्या चढाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि पातळ झालेल्या ऑइलवर दीडशे अश्वशक्तीचा भार येतो. आठवडाभर शहरातल्या थंड फेऱ्या आणि शनिवारी घाट : माझ्या मते वेगवान गाडीचं याहून वाईट वेळापत्रक नसावं.

याची एक फसवी बाजू आहे. टर्बो इंजिनं थोडंफार ऑइल जाळतातच. अनेकदा जितकं ऑइल जळतं तितकंच पेट्रोल मिसळतं आणि डिपस्टिकवरची रेघ सहा महिने जागची हलत नाही. मालक खूश असतो. मग एका लांब प्रवासात ऑइल चांगलं तापतं, पेट्रोलचा बराच भाग उडून जातो आणि परत आल्यावर रेघ एकदम खालच्या खुणेला. लांबच्या प्रवासात अचानक ऑइल प्यायली, असं लोक सांगतात. ती आधीपासूनच पीत होती.

मग किलोमीटर मोजून उपयोग काय? हा प्रश्न जनरल मोटर्समधल्या रसायनशास्त्रज्ञ शर्ली श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात विचारला. वेगवेगळ्या तऱ्हेने चालवलेल्या गाड्यांचं ऑइल त्यांनी तपासलं. त्यांनी ऑइलमध्ये संवेदक बुडवला नाही. इंजिनाचे फेरे मोजायचे आणि त्या वेळी ऑइल किती गरम होतं यावर प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त दंड लावायचा, अशी साधी पद्धत काढली. फार गरम असेल तर दंड. फार थंड असेल तरीही दंड. मधल्या पट्ट्यात, म्हणजे संथ महामार्गावर, दंड सर्वांत कमी. आज काही गाड्यांच्या पडद्यावर 'ऑइल लाइफ' टक्क्यांत दिसतं, त्याचं मूळ या हिशेबात आहे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत मात्र सर्व्हिसची आठवण करून देणारा दिवा फक्त किलोमीटर आणि दिवस मोजतो.

फेऱ्यांचा हिशेब घरी करणं अवघड. तासांचा सोपा आहे. गाडीच्या पडद्यावर दीर्घकाळचा सरासरी वेग असतो. भाच्याचा निघाला ताशी १४ किलोमीटर. चार हजार शंभरला चौदाने भागा : २९३ तास. आता दुसरी गाडी घ्या, जी महामार्गावर ताशी ५० च्या सरासरीने चालते. पंधरा हजार किलोमीटरला तिचे होतात ३०० तास. दाजींच्या मते जेमतेम पाव भाग वापरलेलं ऑइल, तासांत मोजलं तर संपत आलेलं होतं.

अर्थात सगळे तास सारखे नसतात. सिग्नलला उभं इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेतं, महामार्गावर दोन हजारांच्या पुढे. सिग्नलला भारही कमी. पण थंड फेऱ्यांतलं पेट्रोल आणि पाणी जमेस धरलं तर शहरातला तास स्वस्त पडत नाही. हा काही प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, ढोबळ माप आहे. तरी नुसत्या किलोमीटरपेक्षा ते पुष्कळ प्रामाणिक.

कंपनीला हे ठाऊक नसतं असं नाही. बहुतेक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत ठळक ओळीच्या पुढे कुठेतरी 'खडतर वापर' असा तक्ता असतो : वारंवार लहान फेऱ्या, रहदारीतली थांब-चाल, धूळ, घाट, इंजिन बराच वेळ नुसतं चालू ठेवणं. यातलं काही लागू असेल तर ऑइल लवकर बदला, बऱ्याचदा निम्म्या अंतरावर. तक्ता वाचला की हसू येतं. पुणे, ठाणे, नाशिकमधली कोणती गाडी यात बसत नाही? आपल्याकडे खडतर हाच सर्वसाधारण वापर आहे. दाजींनी पुस्तिकेची पहिली ओळ वाचली होती. हा तक्ता चाळीस पानं पुढे होता.

मला विचाराल तर शहरातल्या लहान फेऱ्यांवर जगणाऱ्या टर्बो पेट्रोल गाडीचं ऑइल पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांतलं जे आधी येईल तेव्हा बदलावं. शहर आणि महामार्ग अर्धा-अर्धा असेल तर साडेसात-आठ हजार किंवा वर्ष. मुख्यतः महामार्गावर, एका दमात तासभर चालणाऱ्या गाडीला कंपनीचं अंतर पुरेसं आहे; तिथे तीन हजारांवर ऑइल बदलणारे हौशी लोक आहेत, ते खरोखरच पैसे उडवतात. वर्षभरात दोन हजार किलोमीटरही न चालणाऱ्या गाडीचंही ऑइल वर्षाला बदला. आम्लं आणि पाणी उभ्या गाडीतही असतातच.

ट्रॅकवर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दिवसभर गाडी सहा हजार फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला शंभर, घुमवली की ऑइल १३०-१४० अंशांपर्यंत चढू शकतं. एक-दोन ट्रॅक-दिवसांनंतर ऑइल बदलायचं, किलोमीटर कितीही झालेले असोत. नव्या गाडीचं पहिलं ऑइलही लवकर बदलण्यात अर्थ आहे, कारण नवे भाग घासून बसताना धातूचे सूक्ष्म कण सोडतात. बीएमडब्ल्यूच्या 'एम' गाड्यांना साधारण दोन हजार किलोमीटरवर अशी पहिली सर्व्हिस असते.

रंगावर जाऊ नका. ऑइल काळं होणं म्हणजे ते काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करतंय. शंका असेल तर वास घ्या, पातळी बघा, आणि तीही नेहमी सपाट जागेवर, पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने. काही महागड्या गाड्यांत आता डिपस्टिकच नसते, पडद्यावर पातळी दिसते. वास मात्र पडदा सांगत नाही. सकाळी पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन 'गरम करत' ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. त्या दहा मिनिटांत पेट्रोल खाली जातं आणि ऑइल तापतही नाही. सुरू करा, निघा, पहिली दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा. जोरात पळवून आलात तर शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश घ्या, टर्बोला श्वास घेऊ द्या.

ऑइल घेताना ब्रँडपेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं महत्त्वाची. पुस्तिकेत दिलेला दर्जा तिथे लिहिलेला हवा. छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला की मिश्रण वेळेआधीच पेटून पिस्टन फुटण्याचे प्रकार होत. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांचा त्याच्याशी संबंध दिसला आणि २०२० साली आलेल्या 'एपीआय एसपी' दर्जात याची चाचणी घालण्यात आली. जुन्या दर्जाचं स्वस्त ऑइल दर तीन महिन्यांनी बदलूनही ही उणीव भरत नाही. बिल घ्या, सील समोर फोडायला सांगा, आणि रिकामा डबा भोक पाडूनच द्या. तो पुन्हा भरून विकला जाऊ शकतो.

सोमवारी आम्ही नाक्यावरच्या गॅरेजात गेलो. खालचा नट सुटला आणि काळं ऑइल दाट धारेऐवजी पाण्यासारखं भसकन आलं. मेकॅनिकने दोन बोटांत चोळून पाहिलं आणि काही न बोलता भाच्याकडे बघितलं. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. कोपरापर्यंत काळा, हातमोजे नाहीत, तेलकट फडकं मागच्या खिशात.

हा आरोग्याचा स्तंभ आहे, म्हणून इथे जरा थांबतो. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये पेट्रोलच्या ज्वलनातून आलेली बहुचक्रीय सुगंधी संयुगं साठत जातात. त्यातली काही कर्करोगकारक आहेत. असं ऑइल उंदरांच्या त्वचेला वारंवार लावल्यावर गाठी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. माणसांतला धडा त्याहून जुना. लँकशायरच्या कापड गिरण्यांत चात्यांवरचं खनिज तेल कामगारांच्या कपड्यांतून झिरपायचं आणि वर्षांनुवर्षांनी त्यांना अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग व्हायचा. तेलकट फडकं खिशात ठेवू नये, हे सांगण्यामागे हा इतिहास आहे. घरी वर्षातून एकदा ऑइल बदलणाऱ्याने घाबरण्याचं कारण नाही, पण नायट्रिलचे हातमोजे घालावेत आणि हात पेट्रोलने धुऊ नयेत; पेट्रोल त्वचेतली स्निग्धता काढून घेतं आणि तिचं कवच कमजोर करतं. साबण पुरतो. रोज हे काम करणाऱ्या पोराला मोज्यांचा एक डबा आपण नेऊन दिला तरी चालेल. मी दिला. तो वापरतो का, ते पुढच्या वेळी कळेल.

आणि जळकं ऑइल गावाकडे चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावतात, कुत्र्याच्या खरजेवर चोपडतात, उरलेलं गटारात जातं. यातलं काहीच करू नये, कुत्र्याचं तर मुळीच नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. गरज नसताना ऑइल बदलणं निरुपद्रवी नाही, ते यामुळेच. प्रत्येक बदलामागे हा चार-पाच लिटर कचरा आहे.

नवं ऑइल आणि फिल्टर घालून झाल्यावर भाच्याने दाराच्या आतल्या पट्टीवर चिठ्ठी चिकटवली : तारीख, किलोमीटर, आणि खाली 'तास ०'. ऑफिसला सायकलने जायचं मी सुचवून पाहिलं. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी दाजींनी ती चिठ्ठी चष्मा लावून वाचली. मग स्वतःच्या जुन्या गाडीकडे बघत म्हणाले, "हिचं दोन वर्षांपूर्वी बदललं होतं. पण ही वर्षाला दीड हजारसुद्धा चालत नाही. भाजी मंडई आणि देऊळ, एवढंच."

"बॉनेट उघडा," मी म्हटलं.